मुलं रमली, तरी बेरीज २/५च आली

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू होऊन दीड वर्ष झालं. पाचवी ते सातवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे आहे. पाठाच्या नियोजनाचं टाचण रोज काढते, साहित्य घरून करून नेते. गेल्या महिन्यात पाचवीला असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज घेतली. त्यासाठी रात्री बसून रंगीत कार्डशीटचे गोल आखले, अपूर्णांकांचं गाणं रचलं, प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवला. मुलांनी गोल कापले, वहीत चिकटवले, गाणं म्हटलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख आले होते, त्यांनी शेरेबुकात छान शेरा लिहिला.

आठवड्याने चाचणी घेतली. त्यात १/२ + १/३ होतं. ३४ पैकी १९ मुलांनी उत्तर लिहिलं २/५. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग 'हो बाई' म्हणतो. उत्तरं देणारी चार-पाच मुलं ठरलेली. सहा-सात जणांना पाढेच येत नाहीत. वेळ कधीच पुरत नाही, पाठाचा शेवट नेहमी घंटेनंतर. शाळेतले एक जुने सर म्हणतात, "साहित्य-बिहित्य सोडा, फळ्यावर रीत द्या आणि पन्नास गणितं घोटून घ्या." पाठ एकतर मनोरंजक होतो, नाहीतर परिणामकारक, असं आहे का? नियोजन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एक शिक्षिका (नाव-गाव छापू नये ही विनंती)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

चाचणीचा तो गठ्ठा जपून ठेवा. ३४ पैकी १९ मुलांनी एकच चूक केली, ही फार मोलाची माहिती आहे. मुलांचं लक्षच नसतं, तर उत्तरं वाटेल ती आली असती. कोणी ३/४ लिहिलं असतं, कोणी कोरं सोडलं असतं. १९ जण वेगवेगळ्या बाकांवर बसून एकाच उत्तराला पोहोचले, म्हणजे ती मुलं विचार करताहेत आणि सगळ्यांचा विचार एकाच वाटेनं चालला आहे. ती वाट कुठून निघते ते आधी शोधायचं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, नियोजन म्हणजे काय याला, माझं उत्तर हेच आहे: कोणत्या क्षणी मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असेल, ते आदल्या दिवशी बसून लिहून काढणं. मी काय बोलणार, काय दाखवणार, हे त्याच्या नंतर येतं.

तुमचा तो पाठ या नजरेनं पाहू. गोल कापताना मुलं कशाचा विचार करत होती? कात्रीचा. गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही धड करता येत नाहीत. मग कोणाचा तुकडा मोठा, कोणाचा लहान, कोणाचा डिंक संपलेला. गाणं म्हणताना लक्ष चालीकडे होतं. व्हिडिओत उत्तर आपोआप येत होतं, त्यामुळे तिथे डोकं चालवायची गरजच पडली नाही. ३५ मिनिटांत मुलांनी पुष्कळ काही केलं आणि आनंदानं केलं, पण 'अर्धा आणि तृतीयांश मिळून किती होतील?' या प्रश्नाशी त्यांची गाठ कधी पडली? तुमच्या वर्णनावरून मला तर तो क्षण सापडत नाही. आणि ज्यावर मुलानं स्वतः डोकं चालवलं, तेच त्याच्याजवळ उरतं. त्या तासातून कात्री, डिंक आणि चाल एवढंच उरलं.

टाचण वही उघडा आणि फक्त क्रियापदं पाहा. 'शिक्षक सांगतील, दाखवतील, स्पष्ट करतील, फळ्यावर सोडवून दाखवतील' आणि शेजारच्या रकान्यात 'विद्यार्थी ऐकतील, पाहतील, लिहून घेतील'. आपल्याकडच्या बहुतेक वह्या अशाच असतात आणि त्यात तुमचा दोष नाही. डी.एड.ला आपण ज्या पायऱ्या पाठ केल्या, प्रस्तावना, विषय निवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन, त्यांचं मूळ योहान हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या (१७७६-१८४१) मांडणीत आहे. त्याच्या मागून आलेल्या अनुयायांनी त्या पाच पायऱ्यांचा साचा केला आणि तो जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचला. हर्बार्टचा मूळ आग्रह असा होता की नवी कल्पना मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना जोडली जावी. साच्यात मात्र 'शिक्षकाने काय करावे' तेवढंच ठळक उरलं.

जपानमधल्या शाळांत शिक्षक एकेका पाठाचं नियोजन चार-पाच जण मिळून, कधीकधी काही आठवडे करतात. तो पाठ एकजण घेतो, बाकीचे वर्गात मागे उभं राहून मुलांकडे पाहतात, मग सगळे पुन्हा चर्चेला बसतात. त्याला ते 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. त्यांच्या नियोजनात मला सगळ्यांत आवडणारा भाग म्हणजे, मुलं कोणकोणती उत्तरं देतील याचा अंदाज त्यात आधीच लिहिलेला असतो, चुकीच्या उत्तरांसकट. आणि त्यापुढे, ते उत्तर आलं तर मी कोणता प्रश्न विचारीन. तुमच्या टाचणात एवढा एकच रकाना वाढवला तर पाठ बदलेल.

करून पाहू. १/२ + १/३ ला तुमची मुलं काय काय लिहितील?

पहिलं, २/५. वरच्या वर, खालच्या खाली बेरीज. हे उत्तर आपण 'निष्काळजीपणा' म्हणून खोडतो. पण त्यामागे एक शहाणा विचार असू शकतो. दोन चेंडूंत एक चौकार मारला, पुढच्या तीन चेंडूंत एक मारला. एकूण पाच चेंडूंत दोन चौकार. बरोबरच आहे की! मैदानावर ही बेरीज अशीच होते. फरक एवढाच की तिथे दोन चेंडू वेगळे आणि तीन चेंडू वेगळे, तर अपूर्णांकांच्या बेरजेत अर्धा आणि तृतीयांश एकाच पूर्णाचे असतात. मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं. आपण गृहीत धरतो आणि पुढे जातो.

दुसरं, २/६. याने लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य) काढला, छेद बरोबर लिहिला आणि वर नुसते एक अधिक एक केले. म्हणजे रीत अर्धी पाठ आहे. याला विचारा, "२/६ म्हणजे १/३च ना? मग आपला अर्धा गेला कुठे?"

तिसरं, १/५. वरचा १ तसाच ठेवला आणि फक्त छेदांची बेरीज केली. आणि चौथं, ५/६. हे बरोबर आहे म्हणून खूश होऊ नका. त्या मुलाला विचारा, "कसं आलं?" शिकवणीत तिरका गुणाकार शिकलेली मुलं ५/६ झटकन लिहितात, पण उत्तर अर्ध्याहून मोठं असणार की लहान, हे विचारलं की गप्प होतात. उरलेल्या १५ जणांतल्या बरोबर उत्तरांत अशी किती आहेत, हे आज तुम्हाला माहीत नाही. गठ्ठ्यातल्या १९ इतकेच ते १५ही तपासण्यासारखे आहेत.

आता पाठ कुठून सुरू करायचा ते उघड होतं. तुमच्या वर्गातलं प्रत्येक मूल किराणा दुकानात जातं. तिथे पाव, अर्धा, पाऊण त्याच्या जिभेवर आहेत. वर्गात गेल्या गेल्या विचारा, "पिशवीत अर्धा किलो तूरडाळ आहे, पाव किलो साखर टाकली. पिशवीतला माल किती?" पाऊण किलो, हे पाढे न येणारी मुलंही सांगतील. मग फळ्यावर लिहा १/२ + १/४ आणि म्हणा, "आता हेच पाटीवर आकड्यांत करा." बऱ्याच पाट्यांवर २/६ येईल. काही बोलू नका. फळ्यावर एका बाजूला 'पाऊण किलो' लिहा, दुसऱ्या बाजूला '२/६ किलो' आणि विचारा, "दुकानदाराचं खरं की पाटीचं?" थोडा वेळ जाऊ द्या. कोणीतरी म्हणेलच, "बाई, सहाचे अर्धे तीन. २/६ तर अर्ध्याहून कमी झाले. नुसती डाळच अर्धा किलो आहे!" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. ते मुलांकडून येण्यासाठीच ही सगळी मांडामांड आहे, आणि ते आलं की वर्ग जागा होतो. गाण्यानं येते ती जाग वेगळी. इथे मुलांना एक खरा पेच पडलेला असतो आणि तो त्यांना सोडवायचा असतो.

पेच पडला की साहित्य द्या. गोल नको, कागदी पट्ट्या. जुन्या वहीच्या कागदाच्या, प्रत्येकी १२ सेंटिमीटर लांब, दोघांत तीन. आदल्या दिवशी सहावी-सातवीच्या मुलांकडून कापून घ्या, पाचवीच्या तासात कात्रीचं काम कमीत कमी ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, गारगोट्या यांतून शिक्षणाचं साहित्य उभं केलं. साहित्य भारी असावं लागत नाही, ते नेमकं असावं लागतं. १२चे दोन, तीन, चार, सहा असे सारखे भाग पडतात, म्हणून पट्टी १२चीच.

पहिल्या पट्टीचा अर्धा भाग कापायचा, दुसरीचा तिसरा हिस्सा कापायचा. हे दोन तुकडे तिसऱ्या, पूर्ण पट्टीवर एकापुढे एक ठेवायचे. पट्टी जवळजवळ भरते, थोडी जागा उरते. २/५ इथे पहिल्याच नजरेत गळतं, कारण पट्टीचे २/५ अर्ध्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत. आता प्रश्न विचारा, "उरलेल्या जागेएवढा तुकडा कापा. असे किती तुकडे पूर्ण पट्टीवर बसतात?" मुलं लावून बघतात: सहा. "अर्ध्यात किती?" तीन. "तिसऱ्या हिश्श्यात?" दोन. "मग दोन्ही मिळून?" पाच. सहातले पाच. लसावि हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही, पण त्याचं काम मुलांच्या बोटांखाली होऊन गेलं.

एखादी जोडी मोजपट्टी लावून म्हणेल, "बाई, १० सेंटिमीटर झालं, म्हणजे १०/१२." तिला चूक म्हणू नका. ५/६ आणि १०/१२ शेजारी शेजारी लिहा आणि वर्गालाच ठरवू द्या. सममूल्य अपूर्णांकांची उजळणी त्यातच होते.

एक मात्र लक्षात ठेवा. उरलेला तुकडा लावून मोजायची ही युक्ती प्रत्येक वेळी चालत नाही. १/३ + १/४ घेतलं तर १२च्या पट्टीवर ५ सेंटिमीटर उरतात आणि पाचाचा तुकडा १२त पुरा पुरा बसत नाही. मुलं अडतात. हे तुम्हाला आधी माहीत असेल तर तो दुसऱ्या दिवशीचा पाठ होतो: "मग असा कोणता तुकडा शोधायचा, जो तिसऱ्या हिश्श्यातही पुरा बसेल आणि चौथ्यातही?" इथे लसावि शिकवा. आता मुलांना तो हवा असतो. माहीत नसेल तर वर्गात तुमचीच पंचाईत होईल, म्हणून प्रत्येक उदाहरण आदल्या दिवशी स्वतः पट्टी घेऊन करून पाहायचं. नियोजनातला हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळून चालत नाही.

'समजलं का?' आणि 'हो बाई' याबद्दल. हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला 'हो' शिवाय उत्तर नाही, आणि 'नाही' म्हणायचं धाडस ज्याला सगळ्यांत जास्त हवं त्याच्याकडेच ते सगळ्यांत कमी असतं. त्याऐवजी पाट्या वापरा. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी धरायची आणि 'तीन' म्हटल्यावर ३४ पाट्या एकदम वर. एका नजरेत तुम्हाला वर्ग दिसतो. ठरलेल्या चार-पाच जणांची मक्तेदारी संपते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही विचार करावाच लागतो. पाटी नसेल तर वहीचं मागचं पान चालतं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेनं वर्गातली प्रश्नोत्तरं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न टाकल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. १९७०च्या दशकात तिनं हे प्रसिद्ध केलं. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबायला सुरुवात केल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण घटलं, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना फारशी अपेक्षा नव्हती ती मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा, हातात खडू घट्ट धरा, पण बोलू नका.

फळ्याचंही नियोजन करा. या पाठापुरतं तरी मधे काही पुसू नका. डावीकडे डाळ-साखरेचा पेच, मधे मुलांची वेगवेगळी उत्तरं, उजवीकडे पट्टीचं चित्र आणि ५/६. तास संपताना मुलाची नजर डावीकडून उजवीकडे फिरली की आपण कुठून कुठे आलो ते त्याला दिसलं पाहिजे. हेही जपानी शिक्षक फार मनापासून करतात.

मनोरंजक की परिणामकारक, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते ही जोडीच चुकीची लावली गेली आहे. गाणं वाईट नाही. पाढे, महिन्यांचे दिवस, आवर्तन करून मुखोद्गत करायच्या गोष्टी, यांना गाण्यासारखं साधन नाही. जे वर्गात आणता येत नाही त्याच्यासाठी व्हिडिओ हवाच: धडधडणारं हृदय, ज्वालामुखी, ग्रहणाच्या वेळी सरकणारी सावली. पण जे कागदाच्या पट्टीनं दिसतं त्याला प्रोजेक्टर लावला की मुलाचे हात रिकामे होतात. प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारा: हे असताना मूल कशाचा विचार करत असेल? उत्तर 'अपूर्णांकाचा' आलं तर ठेवा, नाहीतर कितीही आवडतं असलं तरी काढा. तुमचं गाणं तुम्ही प्रेमानं रचलं आहे, त्याला परिपाठात जागा द्या.

विज्ञानातही हेच चालतं, म्हणून एक उदाहरण. मीठ विरघळण्याचा प्रयोग आपण करून दाखवतो, मुलं बघतात आणि विसरतात. तोच प्रयोग उलटा करा. तराजूत १०० ग्रॅम पाणी, बाजूला १० ग्रॅम मीठ. मीठ टाकून ढवळण्याआधी पाटीवर अंदाज लिहून घ्या: आता वजन किती भरेल? कोणी १००च लिहील, 'मीठ नाहीसं झालं ना!' कोणी १०५. मग तराजू. काटा ११० दाखवतो तेव्हा ज्यानं १०० लिहिलं होतं त्याचा चेहरा बघा. त्यानं आपला अंदाज पाटीवर लावून ठेवलेला असतो, म्हणून त्याला काट्याशी देणंघेणं असतं.

तुमच्या जुन्या सरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घोटून घ्यावंच लागतं, आणि नव्या शिक्षकांना ते सांगायला आजकाल लोक कचरतात. पण कधी आणि कसं, यात फरक आहे. अर्थ लागण्याआधी पन्नास गणितं घोटली की २/५ही तितकंच पक्कं होतं. आणि एका दिवशी पन्नास करण्यापेक्षा आज आठ, परवा चार, पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन, अशी विखरून दिलेली जास्त टिकतात. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच स्वतःच्या पाठांतरावर प्रयोग करून हे मांडलं होतं. त्यांत बेरीज-वजाबाकी, समान-असमान छेद मिसळून द्या, म्हणजे मुलाला आधी गणित ओळखावं लागेल. सरांना एक दिवस तुमच्या तासाला मागे बसायला बोलवा. त्यांनी तुमच्याकडे बघायचं नाही, फक्त दोन मुलांकडे बघायचं आणि त्यांनी केव्हा काय केलं ते टिपायचं. अनुभवी माणसाची नजर अशा कामाला फार उपयोगी पडते, आणि असं मानानं बोलावलं तर ते नक्की येतील.

पाढे न येणारी सहा-सात मुलं. पट्टीच्या कामाला पाढे लागत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती मुलं इथे बाकीच्यांच्या बरोबरीनं शिकतात, कधी पुढेही जातात. लसाविच्या तासाला भिंतीवर पाढ्यांचा तक्ता खुशाल लावा आणि पाहू द्या. अपूर्णांक कळणं आणि पाढे येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं म्हणून पहिल्याची वाट अडवू नका. पाढ्यांसाठी मात्र रोज दहा मिनिटं वेगळी काढावी लागतील, मधल्या सुट्टीनंतर किंवा परिपाठाआधी. त्याला पर्याय नाही. मुलांना तिथे 'मागे पडलेले' असं नाव पडू देऊ नका.

वेळेबद्दल कडक सांगते. तासिका ३५ मिनिटांची असली तरी नियोजन २८चं करा. हजेरी, पाट्या काढणं, कोणाचं तरी पोट दुखणं, ऑफिसातून आलेली 'ही माहिती आत्ता भरून द्या' ही हाक, यांत बाकीची जातात. शेवटची पाच मिनिटं आधी राखून ठेवा आणि मग उरलेल्या वेळात काय बसतं ते पाहा. त्या पाच मिनिटांत प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर एक प्रश्न सोडवायचा: '१/२ + १/५ किती? मनोजनं २/७ लिहिलं. ते बरोबर असू शकतं का? का?' इथे १२ची पट्टी मदतीला येत नाही, कारण तिचे पाच भाग सरळ पडत नाहीत. मुलाला विचारच करावा लागतो. जो लिहील 'सातचे अर्धे साडेतीन, दोन त्याहून कमी, म्हणून चूक', त्याला पाठ कळला, मग ७/१० काढताना तो कुठे अडखळला तरी. वेळ कमी पडला तर आपलं बोलणं कापा, चिठ्ठी कापू नका.

चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, गुण द्यायचे नाहीत. फक्त तीन गठ्ठे करायचे: कळलं, रीत येते पण अर्थ नाही, दोन्ही नाही. ३४ चिठ्ठ्यांना दहा-बारा मिनिटं पुरतात, एस.टी.ची वाट पाहतानाही होतं. उद्याच्या तासाची पहिली पाच मिनिटं काय करायची, ते मधला गठ्ठा सांगतो. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या नोंदींनाही हाच आधार धरा, महिन्याअखेरीला आठवून लिहिण्यापेक्षा त्या खऱ्या असतील.

टाचणाचा नमुना शाळेचा ठरलेला असेल तर तो मोडू नका, उजवीकडून भरा. मूल्यमापनाचा रकाना सगळ्यांत आधी: तिथे चिठ्ठीवरचा प्रश्न. मग मुलांची संभाव्य उत्तरं आणि त्यांना विचारायचे प्रश्न, विद्यार्थ्यांच्या कृतीच्या रकान्यात. साहित्य त्यानंतर. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं ते, पुस्तिकेतूनच घ्यायची असते, ती लिहा, पण तिच्याखाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ जोडा: 'तासानंतर मूल अमुक करू शकेल, जे आज सकाळी करू शकत नव्हतं.' ही ओळ लिहिता आली नाही तर पाठ अजून तयार नाही असं समजा. वही तपासणाऱ्यांना एखादा रकाना भरगच्च दिसेल, कोणी हरकत घेणार नाही.

आणि हे रोज, प्रत्येक तासाला करायला जाऊ नका. तुमच्याकडे तीन वर्ग आणि दोन विषय आहेत, शाळेची बाकीची कामं वेगळी. आठवड्याला एकच पाठ असा बारकाईनं बांधा, बाकीचे नेहमीसारखे घ्या. त्यासाठी मुलं जिथे हमखास अडतात ते घटक निवडा: हातच्याची वजाबाकी, अपूर्णांक, दशांश चिन्ह, क्षेत्रफळ आणि परिमिती यांतला गोंधळ. पाठ झाला की त्याच पानाच्या समासात मुलांनी प्रत्यक्ष दिलेली उत्तरं लिहून ठेवा. तुमचा अंदाज कुठे चुकला तेही. पुढच्या पाचवीला तेच पान उघडायचं आहे.

या आठवड्यात तोच वर्ग, तोच घटक पुन्हा घ्या. 'आपण हे केलंय बाई' असं मुलं म्हणतील, तेव्हा त्यांना त्यांच्याच चाचणीतलं २/५ फळ्यावर दाखवा, नाव न घेता, आणि डाळ-साखरेपासून सुरुवात करा. चिठ्ठ्यांमध्ये तुम्हाला न उलगडलेली पाच-सहा उत्तरं निघतील. ती जशीच्या तशी, मुलांच्या अक्षरातच, मला पाठवा. पुढच्या वेळी त्यांच्याविषयी बोलू.

तुमची,
ताई